बंद पडलेल्या हौशी फुटबॉल संघाचा इतिहास जुळवायचाय: फोटो, ढाल, वही आणि माणसं

मधली_फळी

नमस्कार मंडळी. एका हौशी फुटबॉल संघाचा इतिहास जुळवायचं काम सुरू करायचं आहे. संघ बंद पडून चाळीसेक वर्षं झाली, छापील असं काहीच नाही. हाताशी आहे ते एवढं: चौदा कृष्णधवल फोटो (त्यातले दोन फ्रेमच्या काचेला चिकटलेले), तीन रंगीत फोटो, छोट्या धातूच्या पट्ट्या ठोकलेली एक लाकडी फिरती ढाल, हिशोबाची एक वही, वर्तमानपत्रांची कात्रणं (बहुतेकांवर तारीख नाही), दोन जर्सी आणि लेसचा एक कातडी चेंडू. त्या काळातले नऊ खेळाडू आणि एक लाइन्समन भेटू शकतात. सगळे सत्तरीच्या पुढचे.

फोटोंचं साल कसं ठरवायचं? एकाच सामन्याचा स्कोअर दोघं वेगवेगळा सांगतात तेव्हा काय धरायचं? वस्तूंना हात लावण्याआधी कोणती काळजी घ्यायची? आणि मुळात सुरुवात कुठून करायची?

राइट_आउट

सुरुवात माणसांपासून. फोटो आणि वही दोन महिने थांबतील. दहा जणांत सर्वांत वयस्कर कोण आणि कोणाची तब्येत नाजूक आहे, या क्रमाने यादी करा आणि त्याच क्रमाने भेटा.

पहिल्या भेटी एकेकट्याच्या घ्या. सगळ्यांना एकत्र बसवलं की जो ठासून बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते, आणि नंतर वेगळं काढता येत नाही. एकत्र बैठक जरूर करा, पण सगळ्यांचं एकेकदा ध्वनिमुद्रण झाल्यावर. तिथे नवी नावं निघतात, टोपणनावांचा उलगडा होतो.

ध्वनिमुद्रण साध्या मोबाइलवर चालतं. फोन विमान मोडवर ठेवा, घडी केलेल्या कापडावर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर. टेबलावर थेट ठेवला तर पेला ठेवल्याचा आवाजही हातोड्यासारखा येतो. पंखा बंद करा, त्याची घरघर नंतर काढायला गेलं की आवाजही चिरका होतो. शक्य असेल तर वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ. सुरुवातीला तारीख, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय हे तुमच्या तोंडून बोलून घ्या. फाइलचं नाव बदललं तरी हे आतच राहतं. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीनंतर आठवलेलं बाहेर येतं, आणि बहुधा तेच जास्त मोलाचं असतं.

आता प्रश्न. "कोणत्या साली?" असं विचारू नका. माणूस साल सांगतो, पण ते बहुतेकदा अंदाजाचं असतं, आणि फार जुनी गोष्ट खरी होती त्यापेक्षा अलीकडची वाटण्याकडे कल असतो. "तेव्हा तुम्ही कितवीत होता, नोकरी लागली होती का, लग्न झालं होतं का, मोठ्या मुलाचा जन्म आधीचा की नंतरचा" असं विचारा. या गोष्टींची सालं कागदावर मिळतात, त्यांच्या आधाराने सामना बसवता येतो.

"गोल कोणी केला?" हाही पहिला प्रश्न नको. कागदावर मैदान काढा, अकरा बटणं द्या आणि संघ मांडायला सांगा. हातांना जागा आठवतात. बहुतेक जण तुम्हाला २-३-५ मांडून दाखवतील: मागे बचावाला दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. एखाद्याने सेंटर हाफला (मधल्या हाफबॅकला) मागे ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये ठेवलं, तर संघ तीन बॅक घेऊन खेळत होता हे आपसूक कळतं. मग विचारा: कोणत्या टोकाला उतार होता, दुपारचं ऊन कोणत्या गोलीच्या (गोलरक्षकाच्या) डोळ्यांवर यायचं, फक्की कोण मारायचं, जाळ्या कोणाच्या घरी असायच्या, चेंडू फुटला तर ब्लॅडर (आतला रबरी फुगा) कोण बदलायचं. अशा प्रश्नांमधून खेळलेल्यांइतकीच राबणारी माणसं वर येतात. त्यांची नावं कुठल्याही कात्रणात सापडणार नाहीत.

दोन सामन्यांची एकमेकांत सरमिसळ होणं ही सर्वांत नेहमीची चूक. उपांत्य सामन्यातला पाऊस अंतिम सामन्यात येतो. म्हणून "आणि मग काय झालं?" एवढंच विचारत राहा आणि गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण ती मोडू नका.

आणखी एक, हे फार कमी लोक करतात: प्रतिस्पर्धी संघांतले दोघं-तिघं शोधा. आपले लोक जिंकलेले सामने सांगतात. तुमच्या संघाचे पराभव त्यांना पाठ असतात.

सेपिया

फोटोंबद्दल सविस्तर लिहितो.

काचेला चिकटलेले दोन फोटो सोडवायला जाऊ नका. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, ओढलं की चेहरे काचेवर राहतात. काचेसकटच कॅमेऱ्याने टिपा. खोली अंधारी करा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून उजेड द्या आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब येणार नाही. चिकट पानांच्या अल्बममध्ये काही असेल तर डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा. तरीही सुटत नसेल तर पान तसंच स्कॅन करा.

स्कॅनिंगचा हिशोब चेहऱ्यावरून करा. संघाच्या फोटोत एकेक चेहरा जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असतो. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) तो ९४ पिक्सेलचा येतो, ओळख पटत नाही. ६०० ला १८९, १२०० ला ३७८. म्हणून गटफोटो १२०० वर, बाकीचे ६०० वर, टिफ या फाइल प्रकारात. कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, शाईच्या पुसट खुणा आणि डाग वेगळे दिसतात. मागची बाजूही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली नावं तिथेच असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोटोवर पेनाने काहीही लिहू नका. मागे काठाशी मऊ पेन्सिलीने फक्त क्रमांक.

साल ठरवताना एक गोष्ट घट्ट धरा: वस्तूवरून "याच्या आधीचा नाही" एवढंच म्हणता येतं, "याच्या नंतरचा नाही" असं नाही. हौशी संघ जुना चेंडू, जुन्या जर्सी वर्षानुवर्षं वापरतात. लेसचा चेंडू दिसला म्हणून फोटो पन्नासच्या दशकातला ठरत नाही. उलट काळे पंचकोन आणि पांढरे षटकोन असलेला ३२ तुकड्यांचा चेंडू असेल तर फोटो बहुधा १९७० नंतरचा, कारण त्या वर्षीच्या मेक्सिको विश्वचषकातल्या टेलस्टार चेंडूमुळे ती रचना जगभर पसरली. तिकोनी नक्षीमुळे वर्तुळं दिसणारा चेंडू १९७८ च्या विश्वचषकातल्या टँगो चेंडूच्या धर्तीवरचा.

कपडे दशकापुरतेच सांगतात. गुडघ्याला टेकणाऱ्या ढगळ चड्ड्या जुन्या, मांडीवरच्या आखूड चड्ड्या सत्तर-ऐंशीच्या, पुन्हा ढगळ झाल्या नव्वदीत.

रंगीत फोटोच्या कडेला छापलेला महिना आणि साल ही प्रत छापल्याची तारीख असते, फोटो काढल्याची नव्हे. रोल संपायला कधी कधी वर्ष लागायचं, आणि नंतर काढलेल्या प्रतींवर तर आणखी पुढची तारीख येते. कप्तानाच्या पायाशी ठेवलेल्या चेंडूवर चुन्याने किंवा रंगाने साल, स्पर्धा लिहिलेली असते, ती भिंगाने पाहा. सालाचा त्याहून चांगला पुरावा मिळत नाही.

नावं लिहून घेताना फोटोची मोठी प्रत काढा, चेहऱ्यांना आकडे द्या आणि प्रत्येकाला कोरी प्रत दाखवा. आधीच्याने सांगितलेली नावं दाखवू नका. दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तर पक्कं, एकानेच सांगितलं तर पुढे प्रश्नचिन्ह. टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही लिहा, कारण कात्रणात एक असतं आणि लोकांच्या तोंडी दुसरं.

जर्सीचा रंग कृष्णधवल फोटोवरून ठरवू नका. लाल आणि हिरवा यांची करडी छटा जवळपास सारखी येऊ शकते. संगणकाने रंगवलेल्या प्रती मला पटत नाहीत. यंत्र रंग ओळखत नाही, अंदाजाने भरतं, आणि दोन वर्षांनी तोच रंग खरा मानला जातो. अशी प्रत केलीच तर तिच्यावरच तसं ठळक लिहा.

मधली_फळी

फार उपयोगी, दोघांचेही आभार. सेपिया, एक अडचण आहे. एका फोटोत सगळ्यांचं बोधचिन्ह उजव्या छातीवर दिसतं, बाकी सगळ्यांत डाव्या. आणि नेमक्या याच फोटोत दोन खेळाडू "मी डावीकडून पहिला" असं छातीठोक सांगतात.

सेपिया

निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढलेली असणार. खात्री करायला बटणपट्टी पाहा: पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते, इथे उलटी दिसेल. चेंडूवर किंवा मागच्या फलकावर अक्षरं असतील तर प्रश्नच मिटला. स्कॅन आडवा उलटवा, मूळ स्कॅन तसाच वेगळा ठेवा, आणि दोघांना पुन्हा दाखवा. बहुधा एकाला प्रत्यक्ष उभं राहिल्याची जागा आठवतेय आणि दुसऱ्याला घरातल्या भिंतीवरचा फोटो.

सामना चालू असतानाच्या फोटोत पाठीवरचे आकडे दिसत असतील तर जागाही कळते. जुन्या पद्धतीत १ गोली, २-३ फुलबॅक, ४-५-६ हाफबॅक, ७ राइट आउट, ८ इनसाइड राइट, ९ सेंटर फॉरवर्ड, १० इनसाइड लेफ्ट, ११ लेफ्ट आउट. मात्र आकडा त्या दिवसाच्या जागेचा असायचा, खेळाडूचा कायमचा नव्हे. आज ८ घालणारा पुढच्या आठवड्यात १० मध्ये दिसेल.

गुणतक्ता

दोन स्कोअरच्या प्रश्नाबद्दल. कोणता खरा हे लगेच ठरवू नका, दोन्ही लिहा. एक तक्ता करा, प्रत्येक सामन्याला एक ओळ: तारीख, स्पर्धा, फेरी, मैदान, प्रतिस्पर्धी, मध्यंतराचा स्कोअर, अंतिम स्कोअर, गोल करणारे, संघ, माहिती कुठून मिळाली, आणि खात्री. खात्रीला तीन अक्षरं पुरतात. अ म्हणजे त्या वेळचा कागद, ब म्हणजे एकमेकांशी न बोललेल्या दोघांची जुळणारी आठवण, क म्हणजे एकाचीच. कागदही चुकतो, म्हणून जुनी नोंद खोडायची नाही, खाली दुसरी ओळ घालायची.

आकडेमोडीने बरंच पकडता येतं. साखळी स्पर्धेच्या तक्त्यात सगळ्यांच्या विजयांची बेरीज आणि पराभवांची बेरीज सारखी हवी, बरोबरीच्या रकान्याची बेरीज सम हवी, आणि केलेले एकूण गोल म्हणजे खाल्लेले एकूण गोल. यातलं काही जुळलं नाही तर छपाईची चूक आहे किंवा तक्ता स्पर्धा संपण्याआधीचा आहे. सहा संघांच्या एकेरी साखळीत (प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळतो) १५ सामने होतात. विजयाला २ गुण असतील तर एकूण गुण ३०. कात्रणात पाच संघांचे ८, ७, ६, ४, २ दिसतात आणि सहावा आकडा फाटलाय? बेरीज २७, म्हणून फाटलेला ३. विजयाला ३ गुण असतील तर एकूण गुण म्हणजे सामन्यांची तिप्पट वजा बरोबरीत सुटलेले सामने. ३ गुणांची पद्धत इंग्लंडच्या लीगमध्ये १९८१ साली आली आणि विश्वचषकात १९९४ ला, त्यामुळे तुमच्या संघाच्या बहुतेक काळात २ गुणच असणार.

समान गुण असताना वर कोण, यातही फसगत होते. पूर्वी गोलसरासरी धरत, म्हणजे केलेले भागिले खाल्लेले. १०-४ वाल्याची सरासरी २.५, १८-९ वाल्याची २, म्हणून पहिला वर. गोलफरकाने (केलेले वजा खाल्लेले) पाहिलं तर ६ विरुद्ध ९, दुसरा वर. म्हातारे खेळाडू "आम्ही दुसरे आलो होतो" म्हणतात आणि आज मोजल्यावर तिसरे दिसतात, तेव्हा त्यांना चूक ठरवण्याआधी त्या वेळचा नियम काय होता ते बघा.

बाद पद्धतीत (हरला की बाहेर) जितके संघ त्याहून एक कमी सामना (फेरसामने वेगळे). २३ संघ असतील तर पुढची पायरी ३२, म्हणून ९ संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता थेट दुसरी फेरी. पहिल्या फेरीत ७ सामने, मग १६ संघ उरतात. पुढे चाल मिळालेला संघ चार सामने जिंकून चषक नेतो, बाकीचे पाच. "आम्ही पाच सामने जिंकलो" असं कोणी म्हणालं तर पहिली फेरीही शोधायची.

टायब्रेकरच्या आठवणी जपून घ्या. पेनल्टीवर निकाल लावायची पद्धत खेळाच्या नियमांत १९७० ला आली. त्याआधी फेरसामना व्हायचा, चिठ्ठी किंवा नाणं. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेचा इटली विरुद्ध सोव्हिएत संघ हा उपांत्य सामनासुद्धा नाण्यावरच सुटला. काही स्थानिक स्पर्धांनी आपापले नियम केले होते, म्हणून १९६५ चा टायब्रेकर अशक्य नाही, पण त्यासाठी कागद हवा. रेफरीने खिशातून लाल कार्ड काढल्याची आठवण मात्र १९७० च्या आधीची असेल तर ती नंतरच्या एखाद्या सामन्यातून मिसळली आहे. कार्डं त्या वर्षीच्या विश्वचषकात पहिल्यांदा आली.

कात्रणांवर तारीख नसेल तर मागची बाजू वाचा. जाहिरात, हवामान, अर्धवट बातमी यांवरून अंक सापडतो. स्थानिक निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापून येत, म्हणून ग्रंथालयात अंक चाळताना सामन्याच्या तारखेनंतरचे तीन-चार दिवस पाहा. संघाचं नाव चार तऱ्हांनी छापलेलं असतं, सगळी रूपं आधीच लिहून घ्या.

आणि ती हिशोबाची वही! तुमच्याकडचा सर्वांत खरा कागद तोच आहे. कोणीही इतिहास म्हणून लिहिलेली नाही, म्हणून तिच्यात फुशारकी नाही. प्रवेश फीची प्रत्येक नोंद म्हणजे एक स्पर्धा. "तेरा जणांचं भाडं" म्हणजे बाहेरगावचा सामना, आणि किती जण गेले तेही. रेफरीचं मानधन ज्या दिवशी दिलं त्या दिवशी सामना आपल्या मैदानावर झाला असण्याची शक्यता मोठी. ब्लॅडर, लेस, पंपाची सुई, चुना यांच्या तारखा ओळीने मांडल्या की हंगाम कधी सुरू व्हायचा ते दिसतं. सगळी वही पान न वगळता टिपा, कोरी पानंसुद्धा.

जुनं_कातडं

चेंडूत हवा भरू नका. कोणी हौसेने पंप आणला तरी नाही. आतला रबरी ब्लॅडर कडक झालेला असतो, शिवण कुजलेली असते, आणि दाब आला की कातडं शिवणीवरच फाटतं. लेस सोडायची नाही, तेल किंवा पॉलिश लावायचं नाही. तेलाने कातडं काळं पडतं, धूळ धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. हाताला तांबूस पावडर लागत असेल तर कातडं आतून मोडायला लागलंय, तेव्हा कमीत कमी हाताळा. कापडाची जाड चुंबळ करून तिच्यावर ठेवा, म्हणजे एकाच बिंदूवर वजन येणार नाही. पांढरी बुरशी असेल तर कोरड्या, हवेशीर जागी काही दिवस ठेवून मग उघड्यावर, तोंडावर मास्क लावून, मऊ ब्रशने झटका.

जर्सी धुवायची घाई नको. चिखलाचा डागही त्या जर्सीचाच भाग आहे. धुवावीच लागली तर आधी रंग सुटतो का ते पाहा: आतल्या शिवणीवर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचा थेंब, वर पांढरा टिपकागद अर्धा मिनिट दाबून. रंग उतरला तर तिथेच थांबा. हँगरला टांगल्यावर खांदे ताणतात, म्हणून आडवी ठेवा. घडी घालावी लागली तर घडीत मलमलीची गुंडाळी भरा आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदला. चिकटवलेल्या आकड्यावरून घडी कधीच नको, तो तडकतो. टाचण्या, पिनेचे बिल्ले काढून वेगळे ठेवा, गंज कापडात उतरतो.

लोकरी जर्सीला कसर लागली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, म्हणजे दव बाहेरच्या बाजूला धरतं. हा उपाय चेंडूला किंवा चिकट आकड्यांच्या जर्सीला करू नका.

ढालीच्या पट्ट्या पॉलिशने घासू नका. वरचा मुलामा पातळ असतो, दोन-तीन वेळा घासलं की कोरीव अक्षरंच बोथट होतात. खोली अंधारी करून टॉर्च पट्टीच्या जवळजवळ समांतर धरा, पुसट नावं सावलीत उठून दिसतात. तेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. मधलं एखादं साल नसेल तर त्या वर्षी स्पर्धा झाली नाही असं लगेच म्हणू नका. पट्टी बसवायचं काम बऱ्याचदा विजेत्या संघावर असायचं आणि ते राहून जायचं.

कात्रणं फोटोंना लागून ठेवू नका. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही डागतो. लॅमिनेशन कशालाच नको.

राइट_आउट

वरचं सगळं जमवताना एक राहून जाईल ते सांगतो: संघ बंद कसा पडला. "कोणामुळे?" असं विचारलं की लोक एक तर गप्प होतात किंवा एखाद्यावर ढकलतात. "शेवटी शेवटी सरावाला किती जण यायचे?" असं विचारा. शेवटचा सामना खेळणाऱ्यांना तो शेवटचा आहे हे सहसा माहीत नसतं, म्हणून तो आठवणीत सापडत नाही. वहीत प्रवेश फीची शेवटची नोंद पाहा, मग चुन्याची शेवटची, मग चेंडूची. कोणाच्या घरी जाळ्या राहिल्या तेही विचारा. जाळ्या ज्याच्याकडे राहिल्या, त्याच्याच कपाटात बहुधा बाकीचे कागदही असतात.